माय, तू पंचफुलाकडे शिकलीस

माय, तुझी वही मी जाळली. हे आधी सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही मला लिहिता येणार नाही. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, तुझ्याच चुलीत. उघडूनसुद्धा पाहिली नाही. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. ती पंचफुलाने आणली होती एवढं माहीत होतं, आणि जाळायला तेवढं पुरलं.

तुला जाऊन आज एक महिना होऊन गेला. उद्या सकाळच्या गाडीने मी अमरावतीला परत जाणार. बाबा म्हणतात, जा, शाळा बुडवू नको, तुया मायनं काय त्यासाठी पाठवलं होतं? म्हणून आज दुपारी, बाबा कामावर गेल्यावर, लिहायला बसले आहे. शाळेच्या मराठीत लिहून राहिले याचा राग मानू नको. बोलायला मला आपली भाषा येते. लिहायला हीच शिकवली.

मला पंचफुलाचा हेवा वाटतो. तू होतीस तेव्हाही वाटायचा. तुला ते ठाऊक होतं का, हे मला आता कळणार नाही.

तिची आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी दहा. आपण धम्म घेतला त्याच्या पुढच्याच साली. आपल्या भिंतीला लागून त्यांचं घर. तिच्या मागे तीन भाऊ, धाकटा बबन तर अंगावर पिणारा. सहावीत होती, तिची शाळा सुटली. तू कापसाच्या जिनातून कामावरून आलीस की आधी त्यांच्या घरात जायचीस. अंगाला सरकीचा वास, केसांत कापसाचे धागे, तशीच. त्यांच्या चार भाकरी थापून मग आपल्याकडे यायचीस. त्याचंही मला काही नव्हतं. पण रविवारी तू आमची दोघींची वेणी घालायचीस, आणि पहिला नंबर तिचा. तिला पाणी भरायला जायचं असतं, म्हणायचीस. तिचे केस दाट, लांब. ते विंचरून होईपर्यंत तुझा हात दुखायला लागायचा आणि माझी वेणी कशीतरी व्हायची. मी एकदा म्हटलं होतं, आधी माझी घाल. तू म्हणालीस, "तिले माय नाही व." मला तेव्हा वाटलं होतं, मलाही नसती तर बरं झालं असतं, मग पहिला नंबर लागला असता. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या मनात काय येईल ते येतं. पण गेला महिनाभर हे एक वाक्य मला रोज आठवतं.

आठवीला तू मला अमरावतीच्या वसतिगृहात घालायला आलीस, तो दिवस तुला आठवत असेल. टेबलामागच्या माणसाने विचारलं, सही करता का आंगठा? तू म्हणालीस, आंगठा. आमच्या आधी एका मुलीची आई आली होती. तिने उभ्या उभ्या सही केली आणि पेन परत दिलं. तू अंगठा उमटवलास, लुगड्याला पुसलास, तरी निळा तो निळाच राहिला. बाहेर निंबाखाली बसल्यावर मी तुला काय म्हटलं?

"माय, निदान सही तरी शिकाची होती. मले समद्यासमोर लाज वाटली."

तू म्हणालीस, "हो व. वाटनच."

एवढंच. मग फडक्यातली भाकरी सोडलीस, अर्धी मोडून मला दिलीस. भाकरीच्या पांढऱ्या पापुद्र्यावर तुझ्या अंगठ्याचा निळा डाग उमटला होता. मी तेवढा तुकडा काढून टाकला. तू पाहिलंस की नाही, माहीत नाही. मला तर वाटतं, पाहिलंस.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा तूच म्हणालीस, मले अक्षरं दाखव. मी पाटी घेऊन बसले. मोठ्या तोऱ्यात बसले, आमच्या शाळेतल्या बाई बसतात तशी. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी तुझा 'उ' उलटा यायला लागला. पुसून पुसून पाटी पांढरी झाली, तरी उलटाच. आधी मी हसले. मग चिडले. म्हटलं, "तुया डोक्यात काई शिरत नाही, माय. तू कापसातच बरी."

तू पाटी भिंतीला टेकवून ठेवलीस आणि म्हणालीस, "भाकरी टाकतो." परत कधी पाटीचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, सुटले.

मी इतकी मूर्ख आहे, माय, की मला तेव्हा असं वाटलंच नाही की तू दुसऱ्या कोणाकडे जाशील.

तुझी पत्रं यायची ती पंचफुलाच्या अक्षरात. तिचं अक्षर उजवीकडे झुकतं. मी तिकडून लिहायची तीही तीच वाचून दाखवायची, कारण बाबांनाही येत नाही. मी 'तुझी फार आठवण येते' असं लिहायची ते वाक्य पंचफुलाच्या तोंडून तुझ्या कानात जायचं. म्हणून मी तसं लिहिणं बंद केलं. अभ्यास बरा चालला आहे, जेवण बरं आहे, एवढंच लिहायची. तुला वाटलं असेल, पोरगी कोरडी झाली.

आणि मग ते कार्ड आलं. या सालच्या श्रावणात. अक्षर वाकडंतिकडं, ओळी डोंगरासारख्या वर चढलेल्या, आणि काने जागोजागी गायब. 'पाऊस'चा 'पऊस'. 'बाबा'चे 'बब'. खाली नावसुद्धा नाही. मला वाटलं, पंचफुलाला वेळ नसेल, तिने बबनकडून लिहून घेतलं. तो यंदाच पहिलीत बसला होता. मी ते कार्ड खोलीतल्या मुलींना दाखवलं. सगळ्या हसल्या. दोन दिवस कोणाचेही वडील भेटायला आले की मुली म्हणायच्या, "जा, तुझे बब आले." कार्ड कुठे गेलं ते मला आठवत नाही. कचऱ्यात गेलं असेल.

उलट टपाली मी लिहिलं: 'मागचं पत्र कोणाकडून लिहून घेतलं? बबनकडून का? अर्धे काने गावाला गेलेले दिसतात. पुढच्या वेळी पंचफुलालाच लिहायला सांग.'

पुढचं पत्र पंचफुलाच्या अक्षरात आलं. मला बरं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा तू दोन-तीनदा काहीतरी सांगायला आलीस आणि थांबलीस. एकदा मी इतिहास वाचत होते. तू शेजारी येऊन बसलीस आणि पुस्तकाकडे पाहत राहिलीस. मला वाटलं, चित्र पाहून राहिली. मी म्हटलं, "मला वाचू दे ना." तू उठून गेलीस. पंचफुलाच्या घरात गेलीस. तिकडून तुमचं दोघींचं हसू ऐकू आलं आणि मी तेच पान चार वेळा वाचलं.

तार आली तेव्हा मी वर्गात होते. बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचायला दुपार झाली. मुदतीचा ताप, अकरा दिवस, आणि मला कळवलं ते अकराव्या दिवशी. तूच म्हणाली होतीस म्हणे, पोरीची परीक्षा हाय, सांगू नका. घरी आले तर सगळे माझीच वाट पाहत होते. तू आंघोळ घातलेली, पांढऱ्या लुगड्यात. तुझे केस विंचरून, तेल लावून, नीट अंबाडा घातलेला. मी विचारलं, कोणी घातला? शेजारची एक म्हातारी म्हणाली, "पंचीनं. आखरीले बी तिच्याच मांडीवर डोकं होतं. समदं तिनंच केलं व तुया मायचं."

तिने ते चांगल्या मनाने सांगितलं. मी पंचफुलाकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, डोळे सुजलेले. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ही इथून जाईल तर मला रडता येईल.

विहारातले लोक आले, पंचशील झालं, तुला नेलं. तिसऱ्या दिवशी घरात पाच-सहा बाया बसल्या होत्या. पंचफुला आली, पदराखालून एक वही काढली. चाळीस पानी, खाकी कागद घातलेली. माझ्यासमोर धरून म्हणाली, "सुले, तुया मायची वही. लिवणं शिकत होती माह्याजवळ. सवा साल झालं."

बाया एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणाली, मले ठाऊक होतं. कोणी म्हणाली, रोज दुपारी जिनाची पाळी सुटली का पाटी घेऊन जाये. म्हणजे सगळ्या वस्तीला माहीत होतं, माय. आणि मला नाही. आणि एक जण म्हणाली, "पोरीनं नाही शिकवलं, शेजारणीनं शिकवलं." हसत नव्हती ती, रडतच म्हणाली. पण मला ते वाक्य चटका बसल्यासारखं लागलं.

मी वही घेतली. 'बरं' म्हटलं. बाया गेल्यावर चहा टाकला आणि चुलीत वही सारली. आधी खाकी कव्हर काळं पडलं, मग कडा वाकल्या. मला आतून एक ओळसुद्धा दिसू नये म्हणून मी फुंकणी घेऊन फुंकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला सारवायला शेण घेऊन आली. आपण होऊनच करत होती ते. चुलीतली राख काढताना तिच्या हातात कव्हराचा एक जाड कोपरा आला. ती बसल्या जागी थांबली.

"जाळली?"

"हो."

"वाचली होती?"

"नाही."

तिने तो कोपरा परत राखेत ठेवला, घमेलं उचललं आणि गेली. मग आठ-दहा दिवस आली नाही. मला वाटलं, जिंकले. घर माझ्या एकटीचं झालं. पण त्या घरात तू काही सापडेनास. चुलीपाशी पाहावं तर तिथं तुझ्या हातचं काही नाही, पेटीत दोन लुगडी. एवढीशी माय कशी असेल, असं वाटायचं.

मग एका सकाळी बाबा भाकरी खात होते. त्यांना बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. खाता खाता म्हणाले, "तुले थे कार्ड भेटलं होतं ना?"

"कोणतं?"

"मायनं लिवलं होतं तुले. सोताच्या हातानं. पयलंच. पेटीत टाकाले मलेच घेऊन गेली होती. दोन डाव आत हात घालून पायलं तिनं, पडलं का नाही पडलं म्हणून."

'बब' आठवलं. मुलींचं हसणं आठवलं. मी उलट काय लिहिलं ते शब्द न् शब्द आठवलं. बाबांना मी म्हटलं, "भेटलं." त्यांनी विचारलं, "वाचता आलं ना?" मी म्हटलं, "आलं."

तुझ्या हातचं जगात दोनच जागी होतं. एक मी हसून टाकून दिलं, दुसरं जाळलं. आता ते फक्त पंचफुलाच्या डोक्यात उरलं होतं. ज्या पोरीने माझ्या घरात पाऊल ठेवू नये असं मला वाटत होतं, तिच्याच डोक्यात. येत्या उन्हाळ्यात तिचं लग्न आहे, तिवश्याला. म्हणजे ती तेही घेऊन जाणार.

मी गेले. ती दारात तूर पाखडत बसली होती. मी उभी राहिले, ती पाखडतच राहिली.

"पंचफुला, वहीत काय होतं?"

"तुले काहून पायजे? चुलीले इचार."

मी तिथंच खाली बसले. म्हटलं, "सांग ना. माझी माय होती."

तिने सूप खाली ठेवलं. "अन् माई? तुई माय एक डाव मेली, सुले. माई दोन डाव मेली."

आतून बबन पाणी मागत होता, तिने त्याला दिलं, परत येऊन बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पयल्या पानावर अ आ. पेन्सिल इतकी दाबे का कागद फाटला."

आणि ती सांगायला लागली. पान पान सांगितलं, माय. तिला सगळं आठवत होतं, कारण प्रत्येक पान तिनेच आधी आखून दिलं होतं. मी मधेच विचारलं, "पहिलं नाव कोणाचं लिहिलं?" मला वाटलं, एकतर माझं, नाहीतर तिचं. तिचं असतं तर मी उठून आले असते.

ती म्हणाली, "बबनचं."

"बबनचं?"

"सोपं हाय ना. काना नाही, मात्रा नाही. तुया नावात उकार, वेलांटी, पार सातव्या पानावर आलं थे."

शेंबड्या बबनने आम्हा दोघींना मागे टाकलं. मला हसू आलं आणि तिलाही आलं. तू गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती पंचफुलाच्या दारात, हे मला मुळीच आवडलं नाही.

एका पानावर नुसता माझा पत्ता होता. कुमारी सुलोचना, मुलींचे वसतिगृह, अमरावती. वरपासून खालपर्यंत तोच, कार्डावर चुकू नये म्हणून. एका पानावर तुझी सही, गयाबाई, आधी मोठी, मग लहान लहान होत गेलेली. पंचफुला म्हणाली, तुला ती मॅट्रिकच्या फॉर्मवर करायची होती. अमरावतीला येऊन, त्याच टेबलावर, त्याच माणसासमोर. तोवर सुलीले सांगजो नोको, अशी तू तिला शपथ घातली होतीस. म्हणजे दिवाळीला तुझ्या ओठावर यायचं आणि तू गिळायचीस ते हेच होतं.

मग मी ते विचारलं जे विचारायला मी आले होते. "मी ते काने गावाला गेले म्हणून लिहिलं होतं, ते पत्र..."

"थे आलं तवा मी वाचाले घेतलं. माय म्हणे, आन इकडं, मी वाचतो. घंटाभर वाचत होती. बोट ठेवून ठेवून. मी तिच्या तोंडाकडं पाहून रायली होती."

"मग?"

"मग काई नाही. घडी करून चोळीत ठेवलं अन् घरी गेली. दोन दिस आलीच नाही. मले तुया इतका राग आला होता का तू समोर असती तर दोन देल्या असत्या. तिसऱ्या दिसी आली अन् म्हणे, पंचे, पोट्टीचं बरोबर हाय. काने शिकव."

त्यानंतरची तीन पानं नुसत्या कान्यांची होती. उभ्या रेघा, मग का, खा, गा. पंचफुला म्हणाली, "अन् प्रत्येक काना देला का म्हणे, हा सुलीचा. 'का' काढला का म्हणे, हा सुलीनं शिकवलेला. शिकवाले मी बसावं, अन् नाव तुयं. मले लय राग ये."

मी तेव्हा रडायला हवं होतं. खरं सांगते, माय, मला आनंद झाला. आणि तो चांगल्या माणसाचा आनंद नव्हता. पंचफुलालाही माझा राग येत होता, तुझ्या दुपारी तिच्याकडे असूनही तिला पुरत नव्हतं, याचा तो आनंद होता. रडणं घरी येऊन झालं, लुगड्यांच्या पेटीवर डोकं ठेवून. तू माझ्या टोमण्याचा धडा करून घेतलास. मी तुला हसून दुखवलं आणि तू त्यातून माझ्यासाठी वाटा काढून ठेवलास, नाहीतर माझ्या वाट्याला काहीच आलं नसतं.

एक पान सांगताना ती अडखळली. म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, सांग. दिवाळीनंतरचं होतं. तू तुझ्या मनाने लिहिलेलं, तिने न सांगता, माझ्या बदललेल्या बोलीबद्दल. 'सुली आली. आता मला म्हणते. मले म्हणत नाही. घर लहान वाटते तिले.'

याचं उत्तर मी तुला द्यायला हवं, पण माझ्याजवळ नाही. घर लहान वाटत होतं. ते खोटं नाही. पण ते लहान वाटण्याचं कारण तू नव्हतीस, हे मी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. आपलं भांडण तिथंच राहिलं. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते आहे.

मी पंचफुलाला शेवटी विचारलं, जाताना तू काय बोललीस. मला वाटलं होतं, माझं नाव घेतलं असेल, किंवा तिचं, आणि दोन्हींची मला भीती होती. ती म्हणाली, "पाणी मांगतलं. मी चमच्यानं देलं. बस." बरं झालं, माय. पाणीच मागितलंस.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसते. ती सांगते, मी ऐकते. मग परवा ती म्हणाली, "आता तू सांग. मी अकरा वर्साची होतो तवापासूनची माय मले ठाऊक हाय. त्याच्या पयलेची तू सांग. तुले तर जन्मापासून भेटली."

हा तिचा हेवा इतक्या उघड्यावर होता की मला नाही म्हणता आलं नाही. मी तिला सांगितलं. नागपूरहून धम्म घेऊन येताना गाडीत तू खिडकीपाशी बसण्यासाठी एका धिप्पाड माणसाशी भांडलीस आणि पूर्ण रस्ताभर बाहेर पाहत आलीस, ते. मोर्णा नदीला पूर आला तेव्हा मला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून काढलंस आणि काठावर आल्यावर थापड मारलीस, कारण मी घाबरून तुझ्या नाकातली फुली ओढून पाण्यात पाडली होती, ते. पंचफुला ऐकताना माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती की मी सांगताना जरा लांबवत नेलं. तिला थांबायला लावण्यात मला मजा आली. मी अशीच आहे, तू मला ओळखतेस.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. मी सात-आठ वर्षांची असताना आपण दोघीच पायी गेलो होतो आणि परत येताना वाटेत बसलो होतो, तेव्हाची. तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. ती माझी आहे. इथंही लिहीत नाही, कारण हे कागद बाबांच्या पेटीत राहतील, बाबा कधीतरी पंचफुलाला वाचून दाखवायला सांगतील, आणि तिला सगळं वाचता येतं.

काल मी तिला सहज विचारलं, वहीत लिहिलेली पानं किती होती? म्हणाली, वीस-बावीस असतीन. तिने मला आतापर्यंत सांगितली ती मी बोटांवर धरून ठेवली आहेत. अठरा होतात. मी तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून बबनच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. तिने मान वर केली नाही आणि मीही पुढचं विचारलं नाही.